महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : उपकाराकडून हक्काकडे

पुण्याच्या नाना पेठेत, जुन्या भोकरवाडीच्या परिसरात, अहिल्याश्रम नावाची एक वास्तू आहे. हे नाव कानावर पडताच इंदूरच्या मराठी माणसाला ते आपल्या घरचे वाटावे, आणि ते तसे आहेही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या या वास्तूला श्रीमंत तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी वीस हजार रुपयांची देणगी दिली आणि त्या दानाची स्मृती म्हणून तिला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव देण्यात आले. देणगी देणाऱ्या राजाचे नाव आपण अभिमानाने सांगतो. परंतु ती देणगी ज्याने मागून आणली, त्या वास्तूच्या आवारात जो आपल्या कुटुंबासह राहिला, आणि शेवटी ज्याने तिच्या कारभारातून स्वतःला दूर केले, त्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे चरित्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या या ग्रंथात त्या चरित्राची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे त्या काळी पटवर्धनांचे संस्थान होते. आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. घरात मराठी, बाजारात कानडी, अशा दुभाषी वातावरणात त्यांचे बालपण गेले. वडील रामजी हे संस्थानच्या नोकरीत होते आणि पंढरीच्या वारकरी संप्रदायातले होते. आई यमुनाबाई सोशिक आणि उदार मनाची होती. घराणे मराठा जातीचे, एके काळी सुस्थितीतले, पण विठ्ठलरावांच्या विद्यार्थिदशेपर्यंत गरिबीला लागलेले. भजन-कीर्तनाच्या रात्री आणि टंचाईचे दिवस या दोहोंचाही संस्कार त्या मुलावर झाला. देवापुढे सगळे सारखे हे तो रात्री ऐकत होता, आणि गावकुसाबाहेर कोण राहतो हे दिवसा पाहत होता. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न पुढे त्याच्या आयुष्यभराचा प्रश्न झाला.

१८९१ साली मॅट्रिक झाल्यानंतर शिंदे पुण्याच्या फर्गसन कॉलेजात आले आणि १८९८ साली बी. ए. झाले. कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांना बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली. वकील होऊन बडोदे सरकारात मोठ्या पदावर जाण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. पण पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या प्रार्थना समाजाशी त्यांचा संबंध आला आणि कायद्याची पुस्तके मागे पडली. धर्म ही केवळ परलोकाची सोय नव्हे, तर माणसामाणसांतील व्यवहार शुद्ध करण्याची शक्ती आहे, अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी धर्मप्रचारक होण्याचे ठरविले. कुटुंब कर्जात असताना घेतलेला हा निर्णय घरच्यांना सोपा गेला नसणार. १९०१ साली युनिटेरियन पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी गेले. प्रवासाच्या खर्चाला सयाजीराव महाराजांनीच हातभार लावला. तेथे त्यांनी कार्पेंटर यांच्यासारख्या विद्वानांजवळ अभ्यास केला, आणि त्याबरोबरच इंग्लंडमधल्या शहरांतील दरिद्री वस्त्यांत धर्मसंस्थांचे लोक कसे काम करतात, हेही जवळून पाहिले. १९०३ साली अ‍ॅमस्टरडॅम येथील उदारधर्म परिषदेत निबंध वाचून ते स्वदेशी परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून कामाला लागले.

त्या वेळचा महाराष्ट्र म्हणजे अस्पृश्यांच्या दृष्टीने काय होता, हे आजच्या वाचकाला थोडे स्पष्ट करून सांगितले पाहिजे. कारण अस्पृश्यता हा शब्द आता पाठ्यपुस्तकातला झाला आहे आणि त्यामागचा व्यवहार डोळ्यांपुढे येत नाही. गावच्या पाणवठ्याला हात लावण्याची मनाई असे. तहानलेल्या बाईने विहिरीपासून दूर उभे राहून कोणी वरून पाणी ओतील तर घ्यावे, नाही तर रिकामी घागर घेऊन परत जावे. सरकारी शाळा कागदोपत्री सर्वांना मोकळ्या होत्या, परंतु महार-मांगांच्या मुलाला जागा मिळालीच तर ती वर्गाबाहेर, पडवीत मिळे. मेलेले जनावर ओढून नेणे, सरकारी कामगारांचे सामान वाहणे, निरोप घेऊन रात्री-अपरात्री गावोगाव पळणे ही वतनाची कामे होती आणि त्यांना नकार देण्याची सोय नव्हती. नकार दिला तर सबंध गाव वाळीत टाकी. मग दुकानदार धान्य देत नसे आणि शेतावर मजुरी मिळत नसे. महारांना सैन्यात मिळणारी वाट होती, तीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने बंद केली. या साऱ्या प्रकारांना त्या काळी कोणी गुन्हा म्हणत नसे. तो रिवाज होता. आणि रिवाजाविरुद्ध फिर्याद कोठे करावयाची?

याविरुद्ध पहिला आवाज शिंदे यांनी उठविला, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५२ च्या सुमारास पुण्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली अस्पृश्यतेवर प्रहार करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे विसाव्या शतकाच्या आरंभापासून सभा भरवीत होते आणि सरकारकडे अर्ज करीत होते. म्हणजे जे सोशीत होते ते मुके नव्हते. वरच्या जातींचे कान बंद होते. शिंदे यांचे वेगळेपण असे की, वरच्या मानल्या गेलेल्या जातीत जन्मून, परदेशी विद्या घेऊन, मानाची नोकरी हाताशी असताना, त्यांनी या एका प्रश्नाला आपला सगळा संसार वाहून टाकला.

विलायतेहून परतल्यावर बडोद्याच्या महाराजांच्या इच्छेवरून त्यांनी त्या संस्थानातील अंत्यजांच्या शाळांची पाहणी केली. सयाजीरावांनी या शाळा मोठ्या हौसेने काढल्या होत्या, परंतु तेथे शिकवावयास हिंदू शिक्षक मिळत नसत. मुसलमान शिक्षक नेमून काम चालवावे लागे. राजाची आज्ञा आहे, तिजोरीत पैसा आहे, इमारत आहे, आणि तरीही मुलाच्या पाटीला हात लावणारा शिक्षक नाही, ही स्थिती शिंदे यांनी पाहिली. हुकमाने जे होत नाही ते सोबतीने करावे लागते, हा धडा त्यांनी येथून घेतला असावा. पुढे १९०५ साली अहमदनगरजवळच्या भिंगार गावी तेथील अस्पृश्य मंडळींनी रात्रीच्या वेळी सभा भरवून त्यांना बोलाविले. दिवसभर राबणाऱ्या माणसांना सभेसाठी रात्रच मोकळी असे. त्या सभेत ऐकलेल्या कहाण्यांनी त्यांचा निश्चय पक्का केला. अस्पृश्यांची गणना आणि त्यांची अवस्था यांचा अभ्यास करून त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ या नावाने निबंध लिहिला आणि एवढा मोठा समाज देशातच परका आहे, हे सुशिक्षितांपुढे मांडले.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी, ऐन दिवाळीत, मुंबईत एल्फिन्स्टन रोडजवळ मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात एक शाळा उघडली आणि ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ या संस्थेचा जन्म झाला. इंग्रजीत ती डिप्रेस्ड क्लासेस मिशन म्हणून ओळखली जाई. सर नारायणराव चंदावरकर अध्यक्ष झाले. शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी आरंभीचा पैसा दिला. परळच्या गिरण्यांच्या वस्तीत कोकणातून आणि देशावरून आलेले महार, मांग, चांभार कामकरी दाटीने राहत होते. त्यांच्या मुलांसाठी दिवसाच्या शाळा, मोठ्यांसाठी रात्रीच्या शाळा, औषधाची सोय, शिवणकाम आणि पुस्तकबांधणीचे वर्ग, वसतिगृहे, रविवारचे भजन अशी कामे एकामागून एक सुरू झाली.

या कामातील खरी कसोटी पैशाची नव्हती. दानशूर माणसे मुंबईत पुष्कळ होती. सभेत अध्यक्षस्थान स्वीकारणारेही होते. पण वस्तीत जाऊन राहणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे, त्याच्या हातचे पाणी पिणारे थोडे होते. शिंदे यांनी आपले आई-वडील, पत्नी रुक्मिणीबाई, मुले आणि बहिणी यांच्यासह या कामात उडी घेतली. बहीण जनाक्का हिचे लग्न लहानपणीच झाले होते आणि सासरच्या छळाने तिचा संसार मोडला होता. भावाने तिला पुण्यास आणून शिकविले, आणि मिशनने १९०७ साली निराश्रित सेवासदन काढले तेव्हा तीच जनाक्का परळच्या चाळींतून घरोघर फिरून आजारी बायकांची शुश्रूषा करू लागली. स्वतः अन्याय सोसलेल्या एका बाईने दुसऱ्या अन्यायग्रस्तांच्या उंबऱ्यात पाऊल ठेवले, ही गोष्ट मिशनच्या अहवालातील आकड्यांपेक्षा मोठी आहे. वामनराव सोहोनी आणि सय्यद अब्दुल कादर यांच्यासारखे निष्ठावंत सहकारीही याच काळात मिळाले. ब्राह्मण, मराठा आणि मुसलमान कार्यकर्ते एका छपराखाली महार-मांगांच्या मुलांबरोबर राहत होते, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

अस्पृश्यतेचा जाच बायकांना दुप्पट होता, हे शिंदे यांच्या नजरेतून सुटले नाही. खंडोबाला मुली वाहण्याची आणि त्यांना मुरळी करण्याची चाल विशेषतः अस्पृश्य जातींत रूढ होती. नवसाच्या नावाखाली कोवळ्या मुलीचे आयुष्य बाजारात जाई आणि त्याला देवाचा आधार दिला जाई. शिंदे यांनी या चालीविरुद्ध लोकमत जागे करण्याचा प्रयत्न केला. ही चाल मोडावयाची तर केवळ उपदेश पुरत नाही. त्या मुलीला राहण्यास जागा, शिकण्यास शाळा आणि पोट भरण्यास काम लागते, हे त्यांनी ओळखले होते.

मिशनच्या शाखा हळूहळू पसरत गेल्या. पुणे, हुबळी, अकोला, मद्रास अशा ठिकाणी आणि आपल्या इंदूरलाही मिशनचे काम निघाले. मंगळूर येथे कुद्मुल रंगराव यांनी १८९७ पासूनच अस्पृश्यांसाठी शाळा चालविली होती. तिच्याशीही शिंदे यांचे नाते जुळले. १९१२ च्या सुमारास मिशनच्या कामाचे केंद्र पुण्यास आले. भोकरवाडीच्या जागेवर शाळा, वसतिगृह आणि कार्यकर्त्यांची घरे यांचा आराखडा तयार झाला. पैसा कोठून आणावयाचा, हा नेहमीचा प्रश्न होताच. होळकरांची वीस हजारांची देणगी ही त्या काळात फार मोठी रक्कम होती, आणि तिने तो प्रश्न पुष्कळसा सोपा केला. माळव्यातल्या एका मराठी संस्थानाच्या तिजोरीतून निघालेला पैसा पुण्याच्या महार-मांगांच्या मुलांच्या निवाऱ्याला लागला, ही आपल्या नगरीच्या इतिहासातील एक चांगली नोंद आहे.

१९१२ च्या ऑक्टोबरात पुण्यास फर्गसन कॉलेजात डॉ. भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरली. निरनिराळ्या जातींचे लोक तेथे एकत्र आले. पण शिंदे यांना हा प्रश्न केवळ समाजसुधारकांच्या मंडपात ठेवावयाचा नव्हता. राष्ट्रीय सभा स्थापन होऊन तीस वर्षे लोटली तरी तिने अस्पृश्यतेविषयी ठराव केला नव्हता. सामाजिक प्रश्न राजकीय व्यासपीठावर आणू नयेत, असा तिचा रिवाज होता. शिंदे यांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि डिसेंबर १९१७ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्यास भरलेल्या अधिवेशनात अस्पृश्यांवरील निर्बंध दूर करण्याचा ठराव संमत झाला.

याच वर्षी घडलेली दुसरी एक घटना या ठरावाशेजारी ठेवून पाहावी. आपल्या शेजारच्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले भीमराव रामजी आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून १९१७ साली बडोदे सरकारच्या नोकरीवर रुजू झाले. त्या राजधानीत त्यांना राहण्यास जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी सराईत उतरले. तेथेही त्यांची जात कळताच लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना घेरले आणि बाहेर पडावयास लावले. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत. नोकरी सोडून त्यांना मुंबईस परतावे लागले. अस्पृश्यांसाठी सर्वांत अधिक झटणाऱ्या राजाच्या शहरात, त्याच राजाने शिकविलेल्या पदवीधराची ही अवस्था झाली. शिक्षण मिळाले की अस्पृश्यता जाईल, या सुधारकांच्या भाबड्या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नव्हते. दयेने शाळा उघडता येते. माणसाचा हक्क मात्र तिने मिळत नाही.

मार्च १९१८ मध्ये मुंबईस सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. तिचा सगळा भार शिंदे यांनी वाहिला. लोकमान्य टिळक त्या व्यासपीठावर आले आणि त्यांनी अस्पृश्यतेचा निषेधही केला. परंतु स्वतःच्या नित्याच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रकावर सह्या घेण्याची वेळ आली तेव्हा लोकमान्यांची सही त्यावर पडली नाही. शब्द आणि आचार यांच्यातील हे अंतर शिंदे यांना जन्मभर छळीत राहिले. त्यांनी कोणाची निंदा केली नाही. पण टाळ्यांनी संतोष मानण्याचा त्यांचा स्वभावही नव्हता.

येथून पुढचा भाग चरित्रकाराची परीक्षा पाहणारा आहे. १९१९ च्या आरंभी मताधिकाराचा विचार करण्यासाठी साउथबरो समिती आली. शिंदे यांनी तिच्यापुढे साक्ष दिली, आणि तरुण आंबेडकरांनीही दिली. प्रश्न असा होता की, कायदेमंडळात अस्पृश्यांच्या वतीने कोणी बोलावे आणि त्याला कोणी निवडावे. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलच्या सभासदांनी निवडावेत, अशी सूचना मिशनच्या बाजूने पुढे आली. आंबेडकरांचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. ज्यांनी शतकानुशतके अन्याय केला त्यांच्याच हातात प्रतिनिधीची निवड गेली तर तो प्रतिनिधी आमचा कसा राहील, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. १९२० साली राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरास भरलेल्या बहिष्कृतांच्या परिषदेत मिशनच्या या भूमिकेचा निषेध करणारा ठराव संमत झाला.

या वादात कोणाचे बरोबर होते, याचे उत्तर आज देणे कठीण नाही. ज्याचे दुःख त्याचा आवाज, हे तत्त्व आंबेडकरांनी मांडले आणि पुढील काळाने तेच मान्य केले. शिंदे यांचा हेतू निर्मळ होता. स्पृश्य आणि अस्पृश्य यांची कायमची फाळणी होऊ नये, ही त्यांची तळमळ होती, आणि याच तळमळीपोटी त्यांनी पुढेही स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला. पण एकीची जबाबदारी दुबळ्या पक्षावरच टाकली जाते आणि एकीचे फळ मात्र बलवानाला मिळते, हे त्यांच्या लक्षात यावे तितके आले नाही. तेरा-चौदा वर्षे ज्यांच्या वस्तीत राहिलो, ज्यांच्यासाठी आप्तांचा रोष पत्करला, त्यांच्याच परिषदेने आपला निषेध करावा, हे दुःख लहान नव्हते. या दुःखाचे त्यांनी वैरात रूपांतर होऊ दिले नाही, हा त्यांच्या चारित्र्याचा भाग आहे.

दुसऱ्या बाजूनेही त्यांना आश्रय नव्हता. सनातनी त्यांना भ्रष्ट समजत. राष्ट्रीय सभेशी त्यांनी नाते ठेवले म्हणून ब्राह्मणेतर चळवळीतील अनेकांना ते परके वाटत, आणि महारामांगांत राहतात म्हणून स्वजातीयांतले पुष्कळ लोक त्यांना दूर ठेवीत. १९२० च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव ठेवलेली जागा त्यांना सहज मिळण्यासारखी होती. जातवार राखीव जागेवर उभे राहणे त्यांच्या मनाला पटेना. ते पुण्याच्या सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले आणि पडले. मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, म्हणून पुण्यात झालेल्या चळवळीतही ते पुढे होते. तेथेही त्यांच्या वाट्याला विरोधच आला.

१९२३ साली शिंदे यांनी मिशनच्या कारभारातून अंग काढून घेतले. संस्थेची सूत्रे अस्पृश्य वर्गातील कार्यकर्त्यांच्या हाती जावीत, या विचाराने त्यांनी हे केले. संस्थापकाने आपली संस्था सोडणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. नावाची पाटी, खुर्ची आणि किल्ल्या यांचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. जी संस्था निराश्रितांना साहाय्य करण्यासाठी निघाली, ती त्याच लोकांनी चालवावी, म्हणजे ते निराश्रित उरणार नाहीत, हा या कृतीचा अर्थ होता. राजकारणाच्या वादात जे तत्त्व त्यांना पुरते उमगले नव्हते, ते संस्थेच्या बाबतीत त्यांनी आचरून दाखविले, असे मला वाटते.

त्यानंतर काही काळ ते मंगळूरच्या ब्राह्मसमाजाचे आचार्य होते. १९२७ साली त्यांनी ब्रह्मदेशाचा प्रवास केला. बुद्धाच्या धर्माने जातिभेद नाकारलेला असताना त्या देशातही पॅगोड्यांच्या वंशपरंपरागत दासांना समाजाबाहेर ठेवले जाते, हे त्यांनी तेथे अभ्यासिले. शेतकऱ्यांच्या परिषदांतही ते वावरले, कारण दारिद्र्य आणि जात यांची गाठ एकमेकींत अडकलेली आहे, असे त्यांना दिसत होते. १९३० साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, कायदेभंगाच्या चळवळीत भाग घेतल्याबद्दल त्यांना येरवड्याच्या तुरुंगात सहा महिन्यांच्या शिक्षेवर पाठविण्यात आले. तेथून ते प्रकृती ढासळून परत आले.

१९३३ साली त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या प्रांतांतील बहिष्कृत जाती, त्यांची नावे, त्यांचे धंदे आणि देवदैवते, त्यांच्यावरील निर्बंध यांची त्यांनी प्रवास करून जमविलेली माहिती या ग्रंथात आहे. अस्पृश्यांच्या प्रश्नाकडे केवळ करुणेने न पाहता इतिहास आणि समाजशास्त्र यांच्या दृष्टीने पाहणारा मराठीतील हा आरंभीचा मोठा ग्रंथ होय. ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे त्यांचे आत्मचरित्रही वाचकाने अवश्य वाचावे. स्वतःचे अपयश लपविण्याचा प्रयत्न त्यात दिसत नाही. अखेरची वर्षे आजारपणात आणि बऱ्याचशा विस्मृतीत काढून २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम घेऊन भारताचे संविधान अमलात आले. ज्या गोष्टीला रिवाज म्हणत होते तिला गुन्हा म्हणावयास या देशाने सुरुवात केली. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ही त्याच वाटेवरील पुढची पावले. तरी २०२२ या एका वर्षात अनुसूचित जातींवरील अत्याचारांचे पन्नास हजारांहून अधिक गुन्हे देशात नोंदले गेले. नोंद होण्यापूर्वीच दडपले गेलेले प्रकार त्यात नाहीत. वरातीत घोड्यावर बसल्याबद्दल मारहाण, पाण्यावरून मारामारी, तक्रार केली म्हणून बहिष्कार, अशा बातम्या आजही आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. शिंदे यांच्या काळी फिर्याद करण्यास जागा नव्हती. आज ती आहे. परंतु फिर्याद करणाऱ्याच्या बाजूला उभा राहणारा शेजारी पुष्कळदा नसतो.

म्हणून या चरित्राकडे मी केवळ गतकाळातील एका सत्पुरुषाची कथा म्हणून पाहत नाही. त्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या वस्तीत जाऊन राहिल्याखेरीज त्याचे दुःख कळत नाही. दुसरी ही की, सोबत करणाऱ्याने केव्हा मागे सरावे, हेही ओळखावे लागते. पहिली गोष्ट शिंदे तारुण्यात शिकले. दुसरीसाठी त्यांना पराभव आणि निषेध सोसावे लागले. पण ते शिकले.

आपल्या ग्रंथालयाचे दार आज कोणालाही जात न विचारता उघडते. शंभर वर्षांपूर्वी या देशातील फारच थोडी दारे अशी होती, आणि ती आपोआप उघडली नाहीत. पुण्याच्या अहिल्याश्रमाच्या दारावर आपल्या अहिल्यादेवींचे नाव आहे. त्या दाराशी अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाचे चरित्र आपल्या कपाटात असावे आणि ते धूळ खात पडू नये, एवढीच या शताब्दीच्या निमित्ताने वाचकांना विनंती.